पौर्णिमेला हद्दपार केलेले किडे

शाळेत मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, आणि अजूनही झुरळ दिसलं की मी पलंगावर चढते. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल खरी आहेत, एवढं वाचणाऱ्याने सुरुवातीलाच पचवून घ्यावं. पुढचं मग सोपं जाईल.

अन्नसाखळी हा माझा हातखंडा धडा होता. गवत, गवत खाणारा टोळ, टोळाला खाणारा बेडूक, बेडकाला खाणारा साप आणि वर गरुड. रंगीत खडूंनी मी ही साखळी इतक्या वेळा काढली की माझा साप बघायला शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहायची. या सगळ्या मंडळींपैकी मी जवळून पाहिलेला प्राणी म्हणजे फक्त बेडूक, आणि तोही बरणीतला. पण फळ्यासमोर उभं राहिलं की माणसाला आपण जंगलातून आलोय असं वाटायला लागतं. मला तर निवृत्त झाल्यावरही वाटत होतं.

आमचे मिस्टर बुटीबोरीच्या एका कारखान्यात यंत्रांजवळ उभे राहून म्हातारे झाले. तिथल्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, त्यामुळे त्यांची बोलायची सवय मोडली, आणि घरात माझ्यामुळे ती परत लागायला वाव नव्हता. निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांना तेल लावतात, नातवंडांना शाळेत सोडतात. यांनी भंडारा रोडला, मौद्याच्या अलीकडे, आमचा जो जमिनीचा तुकडा पडून होता त्यावर पॉलीहाऊस उभं केलं. लोखंडी सांगाडा, वर दुधी प्लॅस्टिक, बाजूंनी गुंडाळायचे पडदे, आत मातीचे उंच वाफे आणि वाफ्यांमध्ये जरबेरा. लाल, पिवळा, केशरी, आणि एक असा गुलाबी की त्याच्याकडे पाहून मलाच लाजल्यासारखं व्हायचं. मिस्टर सकाळी डबा घेऊन बसने जायचे, अंधारायला लागलं की परत यायचे. कारखान्यात जायचे तेव्हा जिन्यावर त्यांची पावलं जड वाजत. जरबेऱ्याकडे जाताना ते शीळ घालत उतरायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसाला शीळ घालता येते हे मला माहीत नव्हतं.

मग मिलीबग आला. मिलीबग म्हणजे पिठात लोळवून काढल्यासारखा पांढरा, मऊ, बारका किडा. पानांच्या मागे, देठाच्या बेचक्यात, थेट रोपाच्या गाभ्यात जाऊन बसतो आणि रस पीत राहतो. पानं चिकट होतात, काळी पडतात, फूल उमलायच्या आधीच मान टाकतं. मिस्टरांनी फवारणी सुरू केली. एक औषध झालं, मग दुसरं, मग दुकानदार म्हणेल ते तिसरं. भादव्यातलं ऊन, पॉलीहाऊसचे पडदे पाडलेले, पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता रुमाल. एका दुपारी बाजूच्या शेतातून फोन आला की तुमचे मिस्टर वाफ्यांमध्ये पडलेत, तोंडाला फेस आहे.

नागपूरला दवाखान्यात आणेपर्यंत मी त्यांना हाक मारत होते आणि त्यांना माझा आवाज ऐकू येत नव्हता. ते वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर वाचतीलच याची खात्री मी देणार नाही. या माणसाने पंपाला हात लावायचा नाही आणि फवारलेल्या बंद जागेत पाऊलही टाकायचं नाही. मी घरी येऊन म्हटलं, मजूर लावू. मिस्टर पडल्या पडल्या म्हणाले, "आपल्याले झालं ते दुसऱ्याच्या घरी काहून पाठवाचं?" मजुराचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

म्हणजे हिशेब साधा होता. फवारलं तर मिस्टर जातील. नाही फवारलं तर जरबेरा जाईल, आणि हा माणूस पुन्हा जड पावलांनी घरातल्या घरात फिरायला लागेल. मला दोन्ही नको होतं.

इथे माझ्यातली बाई मागे पडली आणि मास्तरीण पुढे आली.

किड्याला किडा खातो, हे मी फळ्यावर हजारदा लिहिलं होतं. चौकशी केल्यावर कळलं की मिलीबग खाणारे भुंगे खरोखरच विकत मिळतात. प्रयोगशाळेत वाढवतात आणि डब्यात भरून पाठवतात. बारीक, काळपट अंगाचे आणि नारिंगी डोक्याचे. जरबेऱ्यावर सोडायचे, ते मिलीबग खातात, तिथेच अंडी घालतात, पिल्लंही मिलीबगच खातात. विषाचा थेंब नाही. मी मिस्टरांच्या उशाशी बसून ही सगळी साखळी हवेत बोटाने काढून दाखवली. "तुम्ही काही काळजी करू नका जी," मी म्हटलं. "हा माझा विषय आहे."

ते म्हणाले, "तुले झुरळाचं भेव वाटते."

मी म्हटलं, झुरळ अभ्यासक्रमात वेगळ्या पाठात आहे.

किडे पाठवणाऱ्या माणसाशी मी फोनवर सविस्तर बोलले. म्हणजे मी बोलले, तो ऐकत होता. तो मधून मधून "मॅडम, पिल्लं कशी दिसतात ते सांगतो" असं काहीतरी म्हणत होता, पण मी त्याला तेव्हा भक्षक आणि भक्ष्य यांच्यातला समतोल समजावून सांगत होते. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सगळं माहीतच आहे." मी ते कौतुक म्हणून घेतलं. माझा स्वभावच तसा आहे. समोरचा कंटाळला की मला वाटतं तो भारावला.

डबा आला त्या दिवशी मी काय काय केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात. मी डब्याचे फोटो काढले. वस्तीच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "आमचे सैनिक दाखल." विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळासमोर उभी राहून मी विषमुक्त शेतीवर बोलले. सगळ्याजणी शांतपणे ऐकत होत्या. आमच्या मंडळातली सर्वांत वयस्कर बाई, जिला सगळ्या मावशी म्हणतात, तिने शेवटी विचारलं, "म्हंजे तू किडे मारायले किडे आनले?"

मला या प्रश्नाची कल्पना होती. रोज जे पंचशील म्हणतो त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं आहे. मी तयारीने उत्तर दिलं, "मी नाही मारत, मावशी. ते जेवतात."

"हो," मावशी म्हणाली, "पन वाढून तर तूच राहिली ना."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मनात म्हटलं की विज्ञान समजायला वेळ लागतो.

भुंगे सोडले. मिस्टर तोवर हिंडू-फिरू लागले होते. औषधाचा वासही उडून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी त्यांना सोबत नेलं. मी एकेका वाफ्यावर डब्यातली कागदाची पट्टी हळूच झटकत होते, ते खुर्चीवर बसून बघत होते. चार दिवस आम्ही भुंगे शोधून शोधून एकमेकांना दाखवले. पाचव्या दिवशी एकही दिसेना. मी वाफ्यांमधून वाकून वाकून फिरले, कंबर धरून घरी आले. पळाले असतील, मेले असतील, पडद्याच्या फटीतून बाहेर गेले असतील. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "सैनिक काय म्हणतात?" मी लिहिलं, "मोहिमेवर आहेत."

आणि मग ती गोष्ट दिसली. मिलीबग मोठे झाले होते. आधीचे साबुदाण्यापेक्षा लहान, जागचे न हलणारे. आता त्यांच्यामध्ये काही धिप्पाड, पांढऱ्या झालरी लोंबत असलेले, आणि चक्क चालणारे दिसायला लागले. पानावरून तुरुतुरु जायचे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिथेच, वाफ्याशेजारी उभ्या उभ्या, मला एक सिद्धांत सुचला. आमच्या भुंग्यांनी दुबळे मिलीबग खाल्ले, धट्टेकट्टे उरले, त्यांनी धट्टीकट्टी पिल्लं काढली. नैसर्गिक निवड! माझ्या डोळ्यांसमोर उत्क्रांती घडत होती. मिस्टरांना मी हे इतक्या उत्साहाने सांगितलं की ते आपलं नुकसान आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

ते जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे तुह्या किड्याईनं त्याईले पैलवान बनवलं?"

"तसं म्हणता येईल," मी म्हटलं.

"मंग आता काय कराचं?"

हा प्रश्न सिद्धांतात बसत नव्हता. पण फळ्यावरून उतरायचं ठाऊक नसल्यामुळे मी लगेच दुसरी योजना काढली. हे पैलवान मोठे आहेत, दिसतात, पळतात तरी फार नाही. तर हातानेच वेचून काढू. विष नको, भुंगे नको, मनुष्यबळ हवं. मनुष्यबळ म्हणजे आमचं महिला मंडळ. आणि सगळ्याजणी हमखास एकत्र भेटायचा दिवस म्हणजे पौर्णिमा.

आता, आमच्या समाजात जन्मलेल्या कुठल्याही बाईला, शाळेत एक इयत्ताही न शिकलेल्या बाईलासुद्धा, यात काय चुकलं ते सांगता आलं असतं. पौर्णिमेला आमच्यातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात उपोसथ पाळतात. नेहमीची पाच नाही, आठ शीलं घेतात. दुपारनंतर जेवत नाहीत. मी स्वतः साखरेच्या आजाराचं कारण पुढे करून उपोसथातून सूट घेत आलेली, त्यामुळे मला त्या दिवशी बायका एकत्र असतात एवढंच आठवलं. मी काय केलं असेल? मी त्यांना किडे मारायला बोलावलं, आणि काम झाल्यावर तर्री-पोहे खाऊ घालीन अशी लालूच दाखवली.

तरी त्या आल्या. मिस्टर दवाखान्यात होते तेव्हा याच बायकांनी आळीपाळीने डबे पोचवले होते, रात्र-दिवस माझ्याजवळ बसल्या होत्या. त्यांना त्या माणसाचा जरबेरा वाचवायचा होता. पांढऱ्या साड्यांची ती रांग मौद्याच्या बसमधून उतरून बांधावरून येताना पाहिली आणि मला खरंच भरून आलं. मी वाफ्यांच्या टोकाला साबणाच्या पाण्याच्या बादल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. सगळ्यांना रंगकामाचे बारके ब्रश वाटले आणि सांगितलं, "हा बघा, हा मोठा, झालरवाला. ब्रशने उचलायचा, बादलीत टाकायचा. टाकला की मेला."

कुणी जागचं हललं नाही.

मावशी बादलीतल्या फेसाकडे पाहत म्हणाली, "आज? पौर्णिमेले? अवं बाई, सकाळीच सील घेतलं ना वं आपन."

"मावशी, किडे आहेत हे."

"मंग? जीव नाई काय त्याईले?"

मी शेतीचं नुकसान सांगितलं, मिस्टरांची तब्येत सांगितली. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचला. "तुहं काम होईन. मारनं नाई होनार. डबे आहेत काय तुह्याकडं?"

पोह्यांसाठी आणलेले स्टीलचे डबे रिकामे झाले, कारण पोहे तसेही कुणी खाणार नव्हतं. बायका वाफ्यांमधून वाकल्या. जे मोठे होते, दिसत होते, चालत होते, ते झालरवाले एकेक करून इतक्या हळुवारपणे ब्रशवर घेत होत्या की बाळंतिणीची खोली वाटावी. डबे भरले की कुंपणाकडे जायच्या. तिथे एक जुनं सीताफळ आहे, ते आधीच मिलीबगने पांढरंफटक पडलेलं. तिथे आणखी थोडे गेले तर कुणाचं काय जातंय, असा सगळ्यांचा विचार. मावशी तर डबा उलटा करून फांदीवर टकटक वाजवायची आणि म्हणायची, "जा बापा, इथंच ऱ्हा सुखानं. तिकडं येऊ नोको."

मला मनातून चीड येत होती. शत्रूला कुणी असं पोचवायला जातं का? पण ऊन कलेपर्यंत वाफ्यांवर एकही झालरवाला उरला नाही, आणि मी ग्रुपवर लिहिलं, "मोहीम फत्ते."

त्यानंतर आठवडाभरातच जरबेरा पांढरा झाला. गाभ्यात दडलेले बारके मिलीबग, ज्यांच्याकडे आमच्या वयाच्या एकाही बाईची नजर पोचली नव्हती, ते बिनधास्त पसरले. गुलाबी फुलं तर कळीतच वाकडी व्हायला लागली. मिस्टर वाफ्याशी उकिडवे बसायचे, एखादं पान उलटं करून बघायचे आणि तसंच सोडायचे. मला एका शब्दाने काही बोलले नाहीत. मी मात्र गप्प झाले. माझं गप्प होणं म्हणजे घरात काहीतरी बंद पडल्यासारखं असतं. शेजारीण दोनदा विचारून गेली की तब्येत बरी आहे ना. मी जेवायला वाढायचे, भांडी घासायचे, टीव्ही न लावता त्यासमोर बसायचे. मला जरबेऱ्याचं वाईट वाटत होतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला माझं हसं झाल्याचं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

पुढच्या रविवारी मी विहारात जायला निघाले तर मिस्टर म्हणाले, "जाय. आरामात ये. दुपारपर्यंत बस तिथं. घाई नोको करू." या माणसाने मला कधी आरामात जायला सांगितलं नव्हतं. पण मी स्वतःच्या दुःखात इतकी बुडालेली की त्यात काही विचित्र वाटलं नाही.

वंदना झाली. कुणीतरी मागून विचारलं, "तुह्या सैनिकाईचं काय झालं वं?" मी म्हटलं, "मस्त चालू आहे," आणि असं बोलले म्हणून माझाच मला राग आला. पुढे बसवेना. पाणी प्यायला म्हणून उठले ती सरळ चपला घालून बाहेर पडले. घरी जावंसं वाटेना, म्हणून मौद्याची बस धरली. मिस्टरांजवळ नुसतं बसून राहीन, असं ठरवलं होतं.

शेतात पोचल्यावर मात्र ते रडवेलं तोंड घेऊन त्यांच्यासमोर जायची हिंमत होईना. कुंपणालगत सीताफळाच्या बुडाशी एक दगड आहे, तिथे टेकले. समोरच फांदी होती. सहज पाहिलं आणि मला वाटलं की झाड बदललं आहे. जी फांदी पांढरीफटक होती ती हिरवी-तपकिरी, स्वच्छ दिसत होती. फक्त टोकाच्या बेचक्यात थोडे बारके मिलीबग राहिले होते, आणि त्यांच्याकडे एक झालरवाला पैलवान तुरुतुरु निघाला होता.

तो पोचला. त्याने पहिल्याला धरलं. आणि माझ्यादेखत त्याला खाऊन टाकलं.

मी चष्मा पुसला. त्याने दुसरा धरला. बाजूच्या पानावर एक पांढरं, सुकं टरफल चिकटलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी पंख वाळवत बसला होता एक काळपट भुंगा, नारिंगी डोक्याचा. माझ्या डब्यातला. म्हणजे त्या डब्यातल्यांचा मुलगा.

मी तिथेच कपाळाला हात लावला. उत्क्रांती नव्हती, पैलवान नव्हते. ती आमच्या भुंग्यांची पिल्लं होती. हुबेहूब मिलीबगचा वेश घेऊन मिलीबगमध्येच फिरणारी पिल्लं. तो फोनवरचा बिचारा तेवढंच तर सांगायला बघत होता. आणि मी, जीवशास्त्राची मास्तरीण, बसभर बायका गोळा करून माझीच फौज वेचून वेचून हद्दपार केली होती. मावशी नसती तर तेवढी फौज माझ्याच हाताने साबणाच्या पाण्यात बुडाली असती.

मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. किती दिवसांनी माझ्या तोंडून आवाज निघत होता. हे सगळं आधी मिस्टरांना सांगायचं म्हणून मी पदर धरून पॉलीहाऊसकडे पळत सुटले.

पडदे पाडलेले होते.

दिवसा पडदे पाडायचं एकच कारण असतं. मी दार ढकललं. मिस्टर आत उभे होते, तोंडाला रुमाल बांधलेला, पाठीवर पंप. पायाशी औषधाची रिकामी बाटली. एक हात दांडीवर होता, अजून ओढली नव्हती. मी किंचाळले. काय बोलले ते मला आठवत नाही. त्यांचा दंड धरला आणि ओढत बाहेर आणलं, उन्हात, फुलांच्या क्रेटवर बसवलं. रुमाल ओढून काढला. तोंड पाहिलं, डोळे पाहिले. सगळं ठीक होतं. मग मी मातीत फतकल मारून बसले.

धाप लागलेली असताना मला जे आधी सुचलं तेच मी बोलले. किड्यांचं. सीताफळाचं, पिल्लांचं, वेशाचं, हद्दपारीचं. सगळं एका दमात. ते ऐकत राहिले. "म्हंजे आपलेच होते ते?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "अन् मावशीनं त्याईले पोचवून देलं?" मी पुन्हा मान हलवली. मग ते हसायला लागले. एवढे हसले की पाठीवरच्या पंपात औषध डुचमळायचा आवाज यायला लागला. "बैताड आहोत वं आपन," ते डोळे पुसत म्हणाले, "पक्के बैताड. अक्कलच नाई." मीही हसत होते. आपल्या चुकीवर कुणीतरी मनापासून हसलं की किती हलकं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

हसता हसता माझं लक्ष त्यांच्या खांद्यांवरच्या पंपाच्या पट्ट्यांकडे गेलं.

"पण तुम्ही पंप काहून घेतला जी?" मी विचारलं. "डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

त्यांचं हसू थांबलं. "तू दुपारपर्यंत येनार नव्हती."

"ते नाही विचारलं मी. फुलं एवढी मोठी झाली काय? जिवापेक्षा?"

"फुलांचं नाई वं," ते म्हणाले. ते लांब बोलत नाहीत, म्हणून शब्द शोधायला त्यांना वेळ लागला. "तू बोलतच नव्हती. इतके दिवस झाले, घरात तुहा आवाज नाई. जेवत नाई बरोबर. म्या म्हटलं, एक डाव मारून घेतो. सगळे किडे मरतीन. दोन-चार दिवसानं तुले घेऊन येईन, तू पाहशीन, तुले वाटंन तुह्या भुंग्याईनंच खाल्ले. मंग जाशीन विहारात सांगायले."

मी समजत होते की मी या माणसाचा जीव वाचवते आहे. डब्याचे फोटो, भाषणं, सैनिक, मोहिमा, सगळं त्याच्यासाठी. आणि माझं नाक वर राहावं म्हणून हा माणूस तोंडाला रुमाल बांधून पुन्हा त्या विषात शिरला होता. माझी बढाई त्याने खरी धरली नव्हती, पण ती मोडलेली त्याला बघवत नव्हती. मला रडू कोसळलं. मी जोराने, लहान पोरीसारखी रडले, आणि ते घाबरून नुसते "अवं, अवं" म्हणत राहिले.

"ऐका," मी नाक पुसत म्हटलं. "मी हरली तर मले हरू देत जा. मी रडीन, तोंड फुगवून बसीन, अन् मंग उठून चहा मांडीन. पन तुमाले काही झालं तर चहा कोनासाठी मांडू जी?"

पंप अजून त्यांच्या पाठीवर तसाच होता, आधी तो उतरवायचा हेसुद्धा मला सुचलं नव्हतं. मी उठून एका खांद्याचा पट्टा सोडवला. दुसरा त्यांनीच सोडवला.